कल्हई किती जाड, ते आधी विचारा : संशोधन मान्यता समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य,
रसायनशास्त्र विषयाच्या संशोधन व मान्यता समित्या,
मराठवाड्यातील विद्यापीठे

विषय : कार्बन डायऑक्साइडच्या विद्युतरासायनिक क्षपणासाठी मिश्रधातू उत्प्रेरक, या विषयावरचे पीएच.डी.चे आराखडे मंजूर करताना विचारायचे प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपल्यासमोर येणाऱ्या आराखड्यांत एक शीर्षक पुन्हा पुन्हा दिसते : 'अमुक-तमुक त्रिधातू नॅनोकणांचे संश्लेषण, वैशिष्ट्यीकरण आणि कार्बन डायऑक्साइड क्षपणातील उपयोजन'. धातूंची नावे बदलतात, बाकीचे वाक्य तेच राहते. आत एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना दाखवणारा आलेख), एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र) आणि व्होल्टेज वाढवत काढलेला प्रवाहाचा एक वक्र असतो. घटातून, म्हणजे वीज देऊन कार्बन डायऑक्साइडचे दुसरे पदार्थ करायच्या भांड्यातून, निघाले काय, याचा पत्ता नसतो. आमची विनंती सरळ आहे. एकाच वेळी पाच धातू-जोड्या घेणारे आराखडे परत पाठवा. एकच जोडी घ्यायला सांगा, तिची सहा प्रमाणे करून घ्या आणि प्रत्येक प्रमाणाला काय तयार झाले, किती झाले, ते मोजल्याशिवाय दुसऱ्या जोडीचे नाव काढू देऊ नका.

कोणता धातू काय देतो, हा आता शोधाचा विषय राहिलेला नाही. जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून हे पद्धतशीर मोजून ठेवले आहे. कथील, बिस्मथ, इंडियम, शिसे यांवर फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार) मिळते. सोने, चांदी, जस्त यांवर कार्बन मोनॉक्साइड मिळतो. लोखंड, निकेल, प्लॅटिनम यांवर पाण्यातलाच हायड्रोजन निघतो. मिथेन, एथिलीन, इथेनॉलपर्यंत लक्षणीय प्रमाणात पोहोचणारे एकटे तांबे, आणि तेही सगळ्याची खिचडी करून देते. दुसरा धातू मिसळायचा तो या खिचडीतला एकच जिन्नस वाढवण्यासाठी. तो काम करतो दोन प्रकारे : एकतर पृष्ठभागावर मध्यस्थ रेणू किती घट्ट चिकटतो ते बदलतो, नाहीतर शेजारी बसून कार्बन मोनॉक्साइड बनवतो आणि तांब्याच्या हवाली करतो. यातला कोणता प्रकार अपेक्षित आहे, हे आराखड्यात लिहिलेले नसेल तर जोडी निवडली कशावरून, असे विचारायला हरकत नाही.

प्रमाणाचा आग्रह का, ते तांबे-कथील या जोडीवरून दिसते. आपल्याकडे हे मिश्रण कोणाला नवे नाही. मुरवले की कासे, वरून चढवले की कल्हई. कल्हईवाला नवसागर टाकून कथील फिरवतो तेव्हा थर किती जाड झाला हे कोणी मोजत नाही, भांडे चमकले म्हणजे झाले. इथे मात्र सगळा खेळ जाडीचाच आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात तांब्याच्या नॅनोकणांवर टिन ऑक्साइडचा थर ०.८ नॅनोमीटर असताना मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळाला, आणि तोच थर १.८ नॅनोमीटर केल्यावर फॉर्मेट. धातू तेच, घट तोच, एका नॅनोमीटरने उत्पादन बदलले. मग 'तांबे-कथील उत्प्रेरक' या शब्दांना अर्थ काय उरला?

आता एक नॅनोमीटर कल्हई म्हणजे किती, ते हिशेबाने पाहू. कथिलाची घनता ७.३ ग्रॅम प्रति घन सें.मी. एका चौरस सें.मी.वर एक नॅनोमीटर म्हणजे ०.७३ मायक्रोग्रॅम. अणुभार ११८.७ आणि दोन इलेक्ट्रॉन धरले की त्याला लागणारा विद्युतभार सुमारे १.२ मिलीकूलोम येतो. म्हणजे प्रति चौ. सें.मी. १ मिलीअँपिअर प्रवाह दिला तर सव्वा सेकंदात काम संपते. आराखड्यात 'कथिलाचे ६० सेकंद विद्युतलेपन' असे लिहिलेले असते, तेव्हा त्या विद्यार्थ्याने एका मिलीअँपिअरलाच पन्नास नॅनोमीटरचा थर दिलेला असतो. तांबे खाली गाडले गेले, वर उरले निव्वळ कथील. त्यावर फॉर्मेट मिळाले तर त्याचे श्रेय मिश्रणाला कसे द्यायचे?

करायचे कसे, तेही सांगतो. तांब्याचा पत्रा आधी ८५ टक्के फॉस्फरिक आम्लात धनाग्र करून (विजेच्या धन टोकाला जोडून) सुमारे २ व्होल्टला काही मिनिटे झळाळी येईपर्यंत ठेवावा आणि शुद्ध पाण्याने भरपूर धुवावा. स्टॅनस क्लोराइड थेट पाण्यात टाकू नये, पांढरा गढूळपणा येतो आणि द्रावण वाया जाते. आधी थोड्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून मग पाणी घालावे. बाटलीत कथिलाचा तुकडा टाकून ठेवावा, नाहीतर हवेने टिनची संयुजा दोनची चार होते. बिस्मथ नायट्रेटचेही तसेच, फक्त आम्ल नायट्रिक वापरायचे. प्रवाह ०.१ मिलीअँपिअरपर्यंत खाली आणावा म्हणजे एका नॅनोमीटरला बारा सेकंद मिळतात. पण इतक्या कमी प्रवाहात पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच बराचसा विद्युतभार खाऊन टाकतो, म्हणून निदान अर्धा तास नायट्रोजन सोडल्याशिवाय सुरुवात करू नये. वेळेवर थांबण्याऐवजी पोटेन्शियोस्टॅटला (विभव आणि प्रवाह हव्या त्या आकड्यावर ठेवणाऱ्या यंत्राला) विद्युतभारावर थांबायला लावावे. आणि प्रवाह चालू ठेवूनच पत्रा बुडवावा. आम्लात तांबे नुसते टांगून ठेवले तर ते हळूहळू विरघळू लागते.

हा हिशेब सपाट पत्र्याचा झाला. पत्रा खडबडीत असेल तर खरे क्षेत्रफळ तिप्पट-चौपट असू शकते आणि थर त्याच पटीने पातळ होतो. त्यामुळे किती कथील बसले ते शेवटी विरघळवूनच मोजावे लागते. इथे एक ठरलेली चूक होते. विद्यार्थी पत्रा नायट्रिक आम्लात टाकतो, तांबे विरघळते आणि कथील मेटास्टॅनिक आम्लाच्या पांढऱ्या गाळात तळाशी बसते. आयसीपीत (द्रावणातले धातू मोजणाऱ्या यंत्रात) कथील 'नाही' असे येते. अम्लराज वापरा, तेही हायड्रोक्लोरिक जास्त ठेवून. शिवाय ०.७३ मायक्रोग्रॅम १० मिलिलिटरमध्ये म्हणजे ७३ पीपीबी (अब्जात ७३ भाग). नमुना तपासायला पाठवताना हे सांगितले नाही तर प्रयोगशाळा पीपीएमच्या पट्टीवर मोजून शून्य कळवते.

चांदीची गोष्ट उलटी आहे. चांदीचा प्रमाण विभव (द्रावणातून धातू होऊन बसण्याचा कल, जितका धन तितका जास्त) +०.८० व्होल्ट, तांब्याचा +०.३४. त्यामुळे तांब्याचा पत्रा सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातला की वीज न देताच चांदी चढते, आणि द्रावण तीव्र असेल तर काही सेकंदांत करडी बुरशी आल्यासारखी झाडेच उगवतात. ती झाडे हलक्या हाताने धुतली तरी गळतात. मिलीमोलरच्याही खाली, ०.१ मिलीमोलरच्या आसपास सुरुवात करावी आणि दहा, तीस, साठ सेकंद अशी मालिका करावी. कथील (-०.१४) आणि जस्त (-०.७६) मात्र साध्या द्रावणात आपणहून तांब्यावर येत नाहीत. 'बुडवून कथील चढवले' असे लिहिलेले दिसले तर द्रावणात थायोयुरिया होता का, हे विचारा. होता, तर गंधक पृष्ठभागावर उरले नाही हे कसे तपासले, तेही विचारा.

आणि कृपा करून चांदी-तांब्याला 'मिश्रधातू' असे शीर्षकात लिहू देऊ नका, जोवर एक्सआरडीमध्ये रेषा सरकलेली दिसत नाही. हे दोन धातू घनरूपात एकमेकांत जवळजवळ मिसळतच नाहीत. ७७९ अंश सेल्सिअसलासुद्धा तांब्यात चांदी वजनाने आठेक टक्केच विरघळते आणि थंड झाल्यावर तीही बाहेर पडते. तांब्याच्या नेहमीच्या किरणांनी घेतलेल्या आलेखात चांदी ३८.१ अंशावर आणि तांबे ४३.३ अंशावर आपापल्या जागी उभे असतील, तर ते शेजारी आहेत, एकजीव नाहीत. शेजारी असणे वाईट नाही. कार्बन मोनॉक्साइड हवाली करण्याच्या प्रकाराला शेजारच लागतो. पण मग चर्चेत 'इलेक्ट्रॉनिक परिणाम', म्हणजे रेणूची चिकट बदलणारा पहिला प्रकार, लिहायचा नाही.

भुकटीच्या मार्गाने जाणाऱ्यांची फसगत वेगळी. क्षारांचे द्रावण १:१ घेतले म्हणून भुकटीही १:१ झाली, असे धरले जाते. सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब टाकताना कथील पीएच दोनच्या आसपास खाली बसू लागते, तांबे पाचच्या आसपास, जस्त सातच्या वर. आणि पीएच बारा-तेराच्या पुढे गेला की जस्त झिंकेट होऊन परत द्रावणात जाते. गाळणीखाली गेलेल्या पाण्यात किती जस्त वाहून गेले ते कोणी बघत नाही. कॉपर-झिंक १:१ नावाने छापलेली भुकटी प्रत्यक्षात तांब्याकडे झुकलेली असते. म्हणून तक्त्यात 'घेतलेले प्रमाण' आणि 'मिळालेले प्रमाण' असे दोन रकाने हवेत. जमले तर 'प्रयोगानंतरचे प्रमाण' हा तिसराही.

आता घटाकडे. उत्प्रेरकापेक्षा जास्त प्रबंध इथे बुडतात. ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेटचे ३० मिलिलिटर द्रावण करायला ०.३ ग्रॅम क्षार लागतो. त्यात लोखंड फक्त ५ पीपीएम असेल तरी ते १.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २७ नॅनोमोल भरते. एका चौ. सें.मी. पृष्ठभागावर अणूंचा एक थर म्हणजे सुमारे ३ नॅनोमोल. क्षारात गुपचूप बसलेले लोखंड तुमच्या इलेक्ट्रोडवर नऊ थर चढवू शकते. एवढी मेहनत करून बसवलेली एक नॅनोमीटरची कल्हई त्याखाली जाते आणि तासाभरात हायड्रोजन वाढू लागतो. विद्यार्थी लिहितो, 'उत्प्रेरक निष्क्रिय झाला.' उत्प्रेरक नाही, क्षार. त्यावर उपाय जुना आहे : अगदी थोड्या प्रवाहावर, प्रति चौ. सें.मी. ०.०२५ मिलीअँपिअरच्या आसपास, रात्रभर टाकाऊ इलेक्ट्रोड वापरून द्रावण स्वच्छ करायचे, किंवा धातू पकडणाऱ्या रेझिनमधून काढायचे. पाणी १८.२ मेगओहमचे हवे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी आरओतून काढले तर चहाला चांगले, घटाला नाही.

समोरच्या बाजूला, म्हणजे धनाग्र म्हणून, प्लॅटिनमची तार नको. ती थोडी थोडी विरघळते, दोन कप्प्यांमधल्या पडद्यातूनही पलीकडे पोहोचते, आणि प्लॅटिनमचा लवलेशही हायड्रोजनसाठी पुरतो. ग्राफाइट किंवा इरिडियम ऑक्साइडचे धनाग्र वापरावे. ग्राफाइट झिजून कार्बन देते, तेव्हा उत्पादनातला कार्बन वायूतलाच आहे ही समस्थानिकाची (कार्बन-१३ ची) खात्री तिथे जास्तच आवश्यक.

मराठवाड्यातल्या दोन गोष्टी परदेशातल्या शोधनिबंधांत सापडणार नाहीत, म्हणून इथे लिहितो. पहिली उन्हाळा. २५ अंशाला पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे ३३ मिलीमोलर विरघळतो. मे महिन्यात नांदेडच्या किंवा परभणीच्या प्रयोगशाळेत ४० अंश असताना तो २३-२४ वर येतो. कच्चा माल तीस टक्के कमी झाला. जानेवारीत केलेल्या १:५ प्रमाणाची मे महिन्यात केलेल्या १:१० शी तुलना केली, तर मोजला जातो ऋतू. पाणी फिरणाऱ्या कवचाचा घट आणि २५ अंशाला ठेवणारे साधे यंत्र, एवढे पुरते.

दुसरी वीज. प्रयोगाच्या चौथ्या तासाला भारनियमन झाले की घट उघड्या विभवावर, म्हणजे बाहेरून वीज नसलेल्या स्थितीत, जातो. त्या क्षणापासून कथील आणि जस्त सुटू लागतात, तांब्यावर ऑक्साइड चढतो, आणि वीज परत आल्यावर तोच ऑक्साइड क्षपण होऊन पृष्ठभाग नव्याने रचला जातो. पाच मिनिटांचा खंड म्हणजे वेगळा इलेक्ट्रोड. पोटेन्शियोस्टॅट, संगणक आणि वायूचा प्रवाह-नियंत्रक तिन्ही यूपीएसवर हवेत. एकटा संगणक वाचवून उपयोग नाही. खंड पडला तर तो प्रयोग टाकून द्यायचा, तुकडे जोडायचे नाहीत. तसेच प्रयोग संपल्यावर इलेक्ट्रोड विभव चालू असतानाच बाहेर काढून लगेच धुवायचा. आधी बटण बंद करून मग जेवायला गेलेल्याच्या एक्सपीएसवर (पृष्ठभागाच्या रासायनिक तपासणीवर) विश्वास ठेवू नये.

मोजमापाचा भाग थोडा रुक्ष आहे, पण समितीने नेमके इथेच बोट ठेवावे. प्रवाहाचा वक्र उत्पादन सांगत नाही. 'आर्गॉनमध्ये कमी, कार्बन डायऑक्साइडमध्ये जास्त' हा पुरावा म्हणून मांडला जातो. पण बायकार्बोनेटमध्ये आर्गॉन सोडला की पीएच ८.३ च्या आसपास राहतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडला की ६.८ होतो. दोन वक्रांतला फरक कितीतरी वेळा या पीएचचाच असतो. संतृप्त केसीएलच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडवर मोजलेला विभव हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (आरएचई) पट्टीवर आणताना ०.१९७ अधिक ०.०५९ गुणिले ६.८, म्हणजे जवळजवळ ०.६० व्होल्ट मिळवायचे. चुकून ८.३ धरला की ०.०९ व्होल्ट फुकट मिळतात. रोधाची दुरुस्तीही सांगितलेली असावी. घटाचा रोध ४० ओहम आणि प्रवाह १० मिलीअँपिअर असेल तर ०.४ व्होल्ट नुसते द्रावणात जातात.

फॅराडे कार्यक्षमतेचा (दिलेल्या विद्युतभारापैकी किती त्या उत्पादनात गेला याचा) हिशेब विद्यार्थ्याला फळ्यावर करायला लावा. १० मिलीअँपिअर एक तास म्हणजे ३६ कूलोम. ते सगळे फॉर्मेटमध्ये गेले तर ०.१८७ मिलीमोल, आणि ३० मिलिलिटर द्रावणात ६.२ मिलीमोलर. एनएमआरवर (द्रवातली उत्पादने ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) हे सहज दिसते. अंतर्गत मानक म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड टाकावे आणि पाण्याचा संकेत दाबावा. तेच १० मिलीअँपिअर सगळे कार्बन मोनॉक्साइडमध्ये गेले आणि वायू मिनिटाला २० मिलिलिटर वाहत असेल, तर बाहेर सुमारे ३,८०० पीपीएम दिसले पाहिजे. कोणी याच प्रवाहात ९,००० दाखवत असेल तर चूक मानकाच्या सिलिंडरमध्ये किंवा वायूच्या वेगात आहे. वेग घटाच्या बाहेरच्या तोंडाशी मोजावा, साबणाच्या बुडबुड्याच्या नळीने मोजला तरी चालतो. आतला आकडा धरला तर द्रावणात शोषलेला वायूही हिशेबात येतो.

सगळ्या उत्पादनांच्या कार्यक्षमतांची बेरीज ९५ ते १०५ टक्क्यांच्या आत हवी. ७० येत असेल तर ऑक्सिजन शिरतो आहे, किंवा फॉर्मेट पडद्यातून धनाग्राकडे जाऊन तिथे जळते आहे, किंवा इथेनॉल वायूबरोबर उडते आहे. यातले काय, ते शोधल्याशिवाय आलेख काढू नये. आणि तीन कोरे प्रयोग : आर्गॉनमध्ये, प्रवाहाशिवाय, आणि उत्प्रेरक नसलेल्या नुसत्या कार्बन कागदावर. कार्बन-१३ चा वायू महाग आहे, मान्य. पण तो प्रबंधात एकदाच, सर्वांत चांगल्या प्रमाणासाठी लागतो.

कोऱ्या प्रयोगाचे महत्त्व आपल्या भागात आणखी एका कारणाने आहे. साखर कारखान्यांच्या आसवनीतला वायू वापरणार, असे आराखड्यांत आता दिसते. कल्पना चांगली आहे, कारण किण्वनाचा वायू चिमणीच्या धुरापेक्षा कितीतरी शुद्ध असतो. एक लिटर इथेनॉलमागे ०.७५ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे दिवसाला ३० हजार लिटरची आसवनी साडेबावीस टन देते. पण त्या वायूबरोबर इथेनॉलची वाफ येते. ती द्रावणात उतरली की एनएमआरवर इथेनॉल दिसते आणि तांब्याने कमाल केली, असे वाटते. मळीतले गंधकाचे वायू तांब्याला आणि चांदीला विषारी ठरतात, ते वेगळेच. आधी पाण्याचा फवारा, मग सक्रिय कोळसा, मग झिंक ऑक्साइडचा थर, आणि त्यानंतरही प्रवाह न देता तासभर वायू सोडून एनएमआर.

'हरित' हा शब्द वापरणाऱ्याला विजेचा हिशेबही विचारा. घटाचा विद्युतदाब ३ व्होल्ट आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली तर एक किलो फॉर्मिक आम्लाइतक्या उत्पादनाला सुमारे ३.९ युनिट लागतात. त्यात कार्बन डायऑक्साइड मुरतो ०.९६ किलो. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होते. म्हणजे ग्रिडची वीज घेऊन जेमतेम एक किलो वायू पकडायला पावणेतीन किलो सोडले. बगॅसची वीज गाळप हंगामातच मिळते, सौर वीज दिवसाच. तेव्हा उत्प्रेरक रोज चालू-बंद होणे सोसतो का, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो. चालू-बंदच्या दहा फेऱ्यांनंतर कथिलाचे प्रमाण किती उरले, एवढेच मोजले तरी नवी माहिती हाती येईल.

वायू-विसरण इलेक्ट्रोड (सच्छिद्र थरातून वायू थेट उत्प्रेरकापर्यंत देणारे) आणि मोठ्या प्रवाहाच्या घटांबद्दल इथे थोडेच. तिथे बायकार्बोनेटचे स्फटिक छिद्रे बुजवतात, इलेक्ट्रोड भिजतो आणि हायड्रोजन सुरू होतो. उदासीन किंवा अल्कधर्मी घटात कार्बोनेट होऊन वायू पलीकडे जातो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडसाठी ५० टक्के आणि एथिलीनसाठी २५ टक्के, एवढीच वायूच्या वापराची कमाल उरते. साध्या दोन कप्प्यांच्या घटात बेरीज १०० येईपर्यंत या वाटेला विद्यार्थ्याला पाठवू नये.

समित्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक महाविद्यालयाला नवा पोटेन्शियोस्टॅट मिळतो, पण औष्णिक वाहकता आणि ज्वाला-आयनीभवन असे दोन्ही शोधक, शिवाय मिथेनायझर (कार्बन मोनॉक्साइडचे मिथेन करून तो मोजता येईल असे करणारा भाग) असलेला गॅस क्रोमॅटोग्राफ प्रदेशात सामायिक ठेवला जात नाही. क्रोमॅटोग्राफशिवाय पोटेन्शियोस्टॅट आंधळा आहे. विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात असा एक क्रोमॅटोग्राफ फक्त या कामासाठी राखून ठेवा. सोबत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, एथिलीन यांचे मानक मिश्रण असलेला सिलिंडर हवा. वायूचे नमुने पिशवीतून एसटीने आणू नयेत, हायड्रोजन वाटेतच गळतो. विद्यार्थ्याने घट घेऊन यावे आणि चार दिवस तिथेच बसून मोजावे. त्या चार दिवसांचा प्रवासखर्च आणि एनएमआरच्या दहा नमुन्यांचे शुल्क आराखड्याच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेले असेल, तर मंजुरी द्या.

सहा प्रमाणांपैकी पाचांत काहीच वेगळे मिळाले नाही, असेही होईल. बेरीज जुळत असेल आणि कोरे प्रयोग जोडलेले असतील तर तो प्रबंध स्वीकारा.

कळावे,

आपले,
मराठवाड्यात विद्युतरसायनशास्त्र शिकवणारे व त्यावर काम करणारे काहीजण